निकालाची संहिता : चित्रफितींचे नियमन आणि अपिलाचा नैतिक अर्थ

ऑगस्ट २०१७ मध्ये दोन घटना लागोपाठ घडल्या. हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातील महमूद अल-वरफल्ली या लष्करी अधिकाऱ्याच्या अटकेचे वॉरंट १५ ऑगस्ट रोजी जारी केले. सात प्रसंगांत मिळून तेहतीस माणसे ठार मारल्याचा वा मारविल्याचा आरोप त्याच्यावर होता, आणि या आरोपाचा मुख्य आधार समाजमाध्यमांवर फिरत असलेल्या चित्रफिती हा होता. त्याच महिन्यात, यूट्यूबने हिंसक अतिरेकी प्रचार हुडकून काढण्यासाठी वापरात आणलेल्या नव्या यंत्राधारित छाननीचे परिणाम दिसू लागले. सीरियातील युद्धाचे चित्रण असलेल्या हजारो चित्रफिती, काही ठिकाणी तर संपूर्ण चॅनलच, नाहीसे झाले. एका ठिकाणी जी वस्तू पुरावा म्हणून न्यायासनासमोर ठेवली जात होती, त्याच जातीची वस्तू दुसऱ्या ठिकाणी अपराध ठरून पुसली जात होती.

ही विसंगती तांत्रिक दोष म्हणून बाजूला सारता येते, आणि पुष्कळांनी ती तशी सारलीही. यंत्र अद्याप अपरिपक्व आहे, ते सुधारेल आणि सुधारले की प्रश्न उरणार नाही, असे हे म्हणणे. त्यातील उणीव ध्यानात येण्यासाठी आणखी दहा वर्षे मागे जाणे पुरेसे आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये इजिप्तमधील ब्लॉगलेखक वाएल अब्बास यांचे यूट्यूबवरील खाते बंद करण्यात आले. पोलिसी अत्याचारांच्या चित्रफिती त्यांनी तेथे प्रसिद्ध केल्या होत्या. त्या काळी आजच्यासारखी यंत्राधारित छाननी नव्हती; निर्णय माणसांनीच घेतला होता. गाजावाजा झाल्यावर खाते पुन्हा उघडले गेले, आणि पुरेशा संदर्भासह चित्रफिती पुन्हा चढविल्यास त्या राहू दिल्या जातील, अशी भूमिका कंपनीने घेतली. या भूमिकेतील ‘पुरेसा संदर्भ’ ही अट महत्त्वाची आहे. चित्रफीत ठेवावी की काढावी हा निर्णय मुळात अर्थनिर्णयाचा असतो, याची ती अप्रत्यक्ष कबुली होय. माणूस जेथे चुकला तेथेच पुढे यंत्रही चुकले. दोघांनाही दिसले बरोबर होते, वाचन मात्र चुकले होते.

साहित्यविचाराला हा प्रदेश अपरिचित नाही. अनेकार्थी शब्दाचा प्रस्तुत ठिकाणी कोणता अर्थ घ्यावयाचा हे ठरविणारी गमके भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त सांगितली आहेत आणि मम्मटासारख्या काव्यशास्त्रकारांनी व्यंजनेच्या चर्चेत त्यांचा स्वीकार केला आहे. संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, औचित्य, देश, काल ही त्यांतील काही होत. शब्द तोच राहतो. तो कोणाच्या सोबतीने आला, कोणत्या प्रसंगी आला, कोठे आला, यांवरून त्याचा अर्थ मुक्रर होतो. चित्राच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच खरी ठरते, कारण शब्दाला निदान कोशाचा आधार असतो, चित्राला तोही नाही. गुडघ्यांवर बसविलेल्या कैद्यांवर गोळ्या झाडल्या जात आहेत, हे दृश्य मारेकऱ्यांच्या गोटातील माणसाने विजयाच्या उन्मादात प्रसृत केले तर तो प्रचार होतो. मृतांच्या बाजूच्या माणसाने तेच दृश्य, यत्किंचितही बदल न करता, पुन्हा प्रसृत केले तर ती साक्ष होते. लिहिणाऱ्याजवळ अशा वेळी अवतरणचिन्हे असतात. दुसऱ्याचे वाक्य उद्‌धृत करून तो त्याच्यापासून अंतर राखू शकतो. चित्राला अवतरणचिन्हे नसतात. उद्धरण आणि उच्चारण यांतील भेद चित्रफितीत दृश्याच्या बाहेरच कोठेतरी, म्हणजे शीर्षकात, निवेदनात, चॅनलच्या पूर्वेतिहासात वा प्रेक्षकवर्गात, शोधावा लागतो.

यूट्यूबच्या नियमावलीला या भेदाचे भान नाही असे म्हणता येणार नाही. शैक्षणिक, माहितीपर, वैज्ञानिक आणि कलात्मक स्वरूपाच्या आशयाला अपवाद करण्याची तरतूद तीत आहे. मात्र हा संदर्भ चित्रफितीच्या दृश्यातून वा ध्वनीतून प्रकट व्हावा, केवळ शीर्षकात वा वर्णनात तो देणे पुरेसे ठरेलच असे नाही, अशी तिची अपेक्षा असते. वरकरणी ही अपेक्षा समंजस वाटते. परंतु तीत गृहीत धरलेला कर्ता कोण, हे पाहिले की तिची एकांगिता जाणवते. त्याला सवड आहे, संपादनाची साधने आहेत आणि आपल्या चित्रणाकडे परक्या वाचकाच्या नजरेने पाहण्याचे शिक्षणही आहे. अलेप्पोमध्ये बॉम्बवर्षाव चालू असताना भ्रमणध्वनीवर चित्रण करून, वीज आणि जोडणी मिळेल त्या घटकेत ते जगाकडे पाठविणारा माणूस या वर्णनात बसत नाही. त्याने आपल्या साक्षीला समीक्षकाची प्रस्तावना जोडून द्यावी, असे त्याला सांगितले जाते. त्यातही एक विचित्र पेच आहे. पुरावा म्हणून चित्रणाचे मोल ते अखंड आणि असंपादित असण्यात असते. सवलत मिळण्यासाठी मात्र त्याने संपादित होऊन यावे लागते. न्यायालयाला हवे असलेले रूप आणि संकेतस्थळाला चालणारे रूप ही परस्परविरोधी असल्यास चित्रण करणाऱ्याने कोणाचे ऐकावे?

आशयनियमनाच्या समर्थकांचे सर्वांत प्रबळ उत्तर संख्येचे आहे आणि ते गंभीरपणे घेतले पाहिजे. यूट्यूबवर दर मिनिटाला पाचशे तासांहून अधिक चित्रण चढविले जाते, असे कंपनीने २०१९ पासून सांगितले आहे. एवढ्या राशीचे डोळस वाचन कोणत्याही मनुष्यसमूहाला शक्य नाही. शिवाय न काढण्याचीही किंमत असते. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे मशिदींवर हल्ला करून एकावन्न माणसे मारणाऱ्याने आपल्या कृत्याचे थेट प्रक्षेपण केले. त्याच्या प्रती इतक्या वेगाने पसरू लागल्या की यूट्यूबने मानवी परीक्षणाचा टप्पा काही काळ वगळून त्या थेट यंत्राकरवी काढल्या. त्या दिवशी संदर्भ तपासत बसणे हाच अन्याय ठरला असता. सामान्य नियम आणि विशिष्ट प्रकरण यांतील ताण ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या पाचव्या पुस्तकात ओळखला होता. नियम सामान्य असतो म्हणूनच तो कोठेतरी अपुरा पडतो, आणि जेथे तो अपुरा पडतो तेथे त्याची दुरुस्ती करणारी समदृष्टी न्यायाचाच एक, आणि श्रेष्ठतर, प्रकार होय, असा त्याचा आशय आहे. अपिलाची नैतिक जागा येथे आहे. प्रथम निर्णय घाईचा, ठोकळ, यांत्रिक असणे क्षम्य मानता येईल. पण ते क्षम्य ठरते दुसऱ्या वाचनाच्या भरवशावर. हा भरवसाच पोकळ असेल तर संख्येचा युक्तिवादही कोसळतो.

तो कितपत पोकळ आहे याचा अंदाज २०२० मधील एका प्रसंगावरून येतो. त्या वर्षी महासाथीमुळे मानवी परीक्षकांची उपलब्धता घटली आणि यूट्यूबने यंत्राधारित छाननीवर अधिक भिस्त ठेवली. हानिकारक चित्रफिती राहून जाणे आणि निर्दोष चित्रफिती काढल्या जाणे या दोन चुकांपैकी दुसरी आपण जाणीवपूर्वक पत्करली, असे कंपनीने ऑगस्टमध्ये उघडपणे सांगितले. (नैतिक निवड इतक्या स्पष्टपणे मांडली जाणे हे या व्यवहारात विरळाच; त्याबद्दल श्रेय दिले पाहिजे.) एप्रिल ते जून या तिमाहीत सुमारे एक कोटी चौदा लाख चित्रफिती काढल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे सव्वातीन लाखांबाबत अपील झाले आणि सुमारे एक लाख एकसष्ट हजार चित्रफिती पूर्ववत झाल्या. आधीच्या तिमाहीत दर चार अपिलांमागे एक यशस्वी होत होते. आता दर दोनांमागे एक होऊ लागले.

अपिलाची व्यवस्था काम करते याचा पुरावा म्हणून हे आकडे पुढे केले जातात, आणि एका अर्थाने ते खरे आहे. परंतु या आकड्यांचेही वाचन करावे लागते. अपील करणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या बाबतीत मूळ निर्णय चुकीचा ठरला. ज्या सुमारे एक कोटी दहा लाख चित्रफितींबाबत अपीलच झाले नाही, त्यांचे काय? त्यांतील पुष्कळ, कदाचित बहुसंख्य, फसव्या जाहिराती वा उघड गैरप्रकार असतील आणि त्यांच्या कर्त्यांना गप्प बसण्यातच शहाणपण वाटले असेल. पण मौन हे संमतीचेच लक्षण असते असे नाही. अपिलाची सोय ठाऊक नसणे, भाषा न कळणे, पूर्वानुभवाने आलेली निराशा, पुढील शिक्षेची धास्ती ही मौनाची इतर कारणे होत. सीरियातील प्रकरणात आणखी एक कारण होते. चित्रण करणाऱ्यांपैकी काही जण मारले गेले होते. खात्याचा मालक हाच अपिलाचा एकमेव अधिकारी, अशी रचना असल्यावर मालकाच्या मृत्यूबरोबर त्याच्या साक्षीचा कैवारही संपतो. बर्लिनमधून २०१४ पासून काम करणाऱ्या ‘सीरियन आर्काइव्ह’सारख्या संस्थांनी आणि काही पत्रकारांनी पाठपुरावा केल्यामुळे त्या चित्रफितींपैकी बऱ्याच परत आल्या. हा पाठपुरावा अपिलाच्या सर्वांना खुल्या असलेल्या वाटेने झालेला नव्हता. तो परिचयाच्या आणि प्रतिष्ठेच्या वाटेने झाला. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने सप्टेंबर २०२० मध्ये आपल्याच जुन्या अहवालांत पुरावा म्हणून उल्लेखिलेला समाजमाध्यमांवरील मजकूर पुन्हा तपासला, तेव्हा त्यांतील सुमारे ११ टक्के मजकूर नाहीसा झाल्याचे आढळले. तळटीप जागेवर राहिली आणि तिचा आधार गेला, ही स्थिती संशोधकाला निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो साहित्यव्यवहारातूनच घेतला जाईल. नियतकालिकाचा संपादक एखादे हस्तलिखित ‘साभार परत’ करतो तेव्हा तो कारण देत नाही. त्याने ते द्यावे असा संकेतही नाही. नाकारलेल्या कवीला अपिलाचा अधिकार आहे असे आजवर कोणी म्हटले नाही (कवींनी खाजगीत काय म्हटले असेल ते असो). मग खाजगी मालकीच्या संकेतस्थळाकडूनच कारणांची मागणी का करावी? आक्षेप वजनदार आहे, पण त्यातील साम्य वरवरचे आहे. संपादक निवड करतो, आणि जे निवडले त्याची जबाबदारी आपल्या नावावर घेतो. संकेतस्थळाची भूमिका नेमकी उलटी असते. आपण निवड करीत नाही, केवळ जागा देतो, या भूमिकेवरच त्याला कायद्याचे संरक्षण मिळते. जे सर्वांचे सर्व काही घेते, ते एखादी वस्तू नंतर बाहेर काढते तेव्हा ती अ-निवड राहत नाही, तो ठपका होतो. या व्यवहाराची परिभाषाच पाहावी. नियमभंग, इशारा, ‘स्ट्राइक’, नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक झाल्यास चॅनल बंद: ही भाषा अभिरुचीची नाही, दंडविधानाची आहे. संपादकाने परत केलेली कविता कवीच्या चारित्र्याच्या नोंदवहीत चढत नाही. शिवाय ती कविता दुसऱ्या नियतकालिकाकडे जाऊ शकते. चॅनलबरोबर मात्र वर्षानुवर्षांचा संग्रह, प्रेक्षकवर्ग आणि अनेकदा उपजीविकाही जाते. जी संस्था दंडाची भाषा वापरते, तिने दंडाबरोबर येणारे नैसर्गिक न्यायाचे दायित्वही पत्करले पाहिजे: दुसरी बाजू ऐकणे, प्रथम निर्णय देणाऱ्याहून निराळ्या नजरेने पाहणे, आणि कारणे देणे.

यांपैकी तिसऱ्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. अपील यशस्वी झाले की अयशस्वी, एवढ्याच मापाने त्याचे मूल्य मोजले जाते. वास्तविक अपील फेटाळले जाऊनही न्याय्य असू शकते, आणि मान्य होऊनही अन्याय्य. चित्रफीत काढल्याची सूचना ज्याला मिळते, त्याला साधारणतः धोरणाचे नाव सांगितले जाते. तुमच्या चित्रफितीतील अमुक दृश्याचा आम्ही अमुक अर्थ लावला आणि अमुक संदर्भ आम्हाला अपुरा वाटला, असे सांगितले जात नाही. अपिलाचे उत्तरही बहुधा त्याच साच्याचे असते: पुन्हा पाहिले, निर्णय कायम, अथवा पुन्हा पाहिले, चित्रफीत पूर्ववत. या दोन्ही उत्तरांत निर्णय आहे, पण निर्णयाची संहिता नाही. ज्याची संहिता नाही त्याचा प्रतिवाद होऊ शकत नाही, त्याची समीक्षा होऊ शकत नाही आणि त्यातून पूर्वनिर्णयही घडत नाही. आज पूर्ववत झालेल्या चित्रफितीसारखीच दुसरी चित्रफीत उद्या काढली जाते आणि पहिल्या प्रकरणात काय ठरले होते हे कोणालाच सांगता येत नाही, कारण तेथे काही ‘ठरले’ असे नव्हतेच; केवळ काहीतरी घडले होते.

संहितेचे हे महत्त्व मराठीतील एका जुन्या खटल्यावरून नीट कळते. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात प्रसिद्ध झाली आणि अश्लीलतेच्या आरोपावरून खटला उभा राहिला. कनिष्ठ न्यायालयाने निर्दोष ठरविले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवून पंचवीस रुपये दंड केला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. दंडाची रक्कम क्षुल्लक होती. तरीही प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे गेले. तेथील न्यायमूर्तींनी कथा वाचली, कथानक सांगितले, आक्षेपार्ह म्हणून दाखविलेले उतारे एकेक करून तपासले आणि साहित्यकृतीचा विचार समग्रतेने व्हावा हे तत्त्व त्यांना लागू केले. कथा वाङ्‌मयीन दृष्ट्या थोर आहे, असा त्यांचा दावा नव्हता. त्यांच्या वाचनाशी कोणाचा मतभेद असू शकेल. तो असू शकतो हीच त्या निकालाची थोरवी म्हणावी लागेल. पुढील खटल्यांत त्याचा आधार घेतला गेला आणि त्याच्यावर टीकाही करता आली. सात वर्षे लागली ही मोठीच उणीव होय, आणि चित्रफितींच्या जगात एवढा विलंब म्हणजे सरळ नकारच. पण वेग आणि कारण यांतील एकाचीच निवड करावी लागते, हे गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे.

तसे पाहण्याची एक संधी मेटा कंपनीने स्थापन केलेल्या ‘ओव्हरसाइट बोर्डा’ने दिली आहे. २०२१ च्या जानेवारीपासून हे मंडळ आपले निर्णय कारणांसह प्रसिद्ध करीत आले आहे. सुदानमध्ये ऑक्टोबर २०२१ च्या लष्करी उठावानंतरची, एका जखमी नागरिकाचे भीषण दृश्य असलेली चित्रफीत फेसबुकने आधी काढली आणि काही आठवड्यांनी, अपिलानंतर, इशारा देणाऱ्या पडद्यासह पूर्ववत केली. मंडळाने जून २०२२ मध्ये हा दुसरा निर्णय योग्य ठरविला. मजकुराची भाषा आणि त्याला जोडलेल्या खुणा यांवरून अत्याचारांची नोंद करणे हा हेतू दिसतो, अशी मीमांसा त्याने केली आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाची नोंद करणाऱ्या चित्रणाला नियमांतच जागा द्यावी, अशी शिफारसही केली. भर्तृहरीची प्रकरण, देश, काल ही गमकेच येथे निराळ्या नावांनी वावरत आहेत. अर्थात या मंडळापुढे येणारी प्रकरणे अगदी मोजकी असतात आणि त्याचा खर्च ज्या कंपनीचे परीक्षण करायचे तिच्याच निधीतून निघतो. तरीही वाचता येण्याजोगा निकाल लिहिणे शक्य आहे, एवढे त्याने सिद्ध केले. यूट्यूबने असे कोणतेही मंडळ उभारलेले नाही.

प्रत्येक काढलेल्या चित्रफितीसाठी असा निबंध लिहावा, अशी मागणी कोणी करणार नाही. परंतु वर दिलेल्या आकड्यांतच उत्तराची दिशा आहे. अपिले एकूण निर्णयांच्या तीन टक्क्यांहूनही कमी होती. कारण देण्याचे दायित्व तेवढ्यांपुरते आणि त्यांतही सदृश प्रकरणांचे गट करून पार पाडायचे म्हटले, तर ते काम मोठे आहे, अशक्य नाही.

न्यायाचा हा विचार आतापर्यंत चित्रफितीच्या कर्त्याभोवती फिरला. चित्रफितीत मात्र दुसरीही माणसे असतात आणि ती अपील करू शकत नाहीत. गोळी लागून पडणाऱ्या माणसाने आपला मृत्यू जगभर दाखविला जावा, अशी संमती कधी दिली? त्याच्या मुलाला तो पुन्हा पुन्हा समोर यावा असे वाटेल काय? साक्षीच्या नावाखाली मृताची अप्रतिष्ठा होऊ शकते, आणि काही वेळा चित्रफीत काढणे हेच दाक्षिण्य असते. सीरियातील संग्राहकांनाही हा प्रश्न टाळता आलेला नाही. जतन करणे आणि जाहीर दाखविणे या दोन गोष्टी वेगळ्या राखता येतात, असे त्यावरचे एक उत्तर आहे. संकेतस्थळांनी या भेदाचा पुरेसा उपयोग केलेला नाही. त्यांच्या व्यवहारात काढणे म्हणजे नाहीसे करणे, आणि ठेवणे म्हणजे कोणाहीपुढे उलगडणे.

आणखी एक वाचक या व्यवहारात आहे. त्याचे नाव कधीच पुढे येत नाही. हा मानवी परीक्षक होय. दिवसाकाठी चार तासांहून अधिक काळ अशी दृश्ये त्याच्यापुढे येऊ नयेत, अशी मर्यादा यूट्यूबने मार्च २०१८ मध्ये जाहीर केली, आणि सप्टेंबर २०२० मध्ये एका माजी परीक्षकाने मानसिक हानीबद्दल कॅलिफोर्नियात कंपनीवर दावा लावला. अधिक डोळस वाचन हवे, असे म्हणणाऱ्याने ते वाचन कोणाच्या डोळ्यांनी करवून घ्यायचे याचेही उत्तर द्यायला हवे. यंत्राची बाजू येथे खरोखर बळकट आहे.

कायद्याने या क्षेत्रात आता प्रवेश केला आहे. युरोपीय संघाचा ‘डिजिटल सेवा अधिनियम’ १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यानुसार मजकूर काढताना कारणांचे निवेदन द्यावे लागते, यंत्राचा वापर झाला असल्यास तसे सांगावे लागते, आणि तक्रारीवरील निर्णय केवळ यंत्राकरवी घेता येत नाही. ही कारणे एका सार्वजनिक भांडारात जमा होतात. त्या भांडारातील निवेदनांची संख्या आता अब्जावधींत मोजावी लागते आणि त्यांतील फार मोठा भाग ठरावीक रकाने भरून तयार झालेला असतो. कारणांची टंचाई होती तेथे कारणांचा पूर आला. वाचण्याजोगे कारण दोन्हीकडे सारखेच दुर्मिळ.

भारतात फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या माध्यमांवर असेच बंधन घातले. मजकूर स्वतःहून काढताना कर्त्याला कारणांसह सूचना द्यावी आणि निर्णयाचा प्रतिवाद करण्याची वाजवी संधी द्यावी, असे त्यांत म्हटले आहे. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने त्यावर तक्रार अपील समित्यांची तरतूद केली आणि जानेवारी २०२३ मध्ये अशा तीन समित्या नेमल्या गेल्या. सदस्यांची नेमणूक केंद्र सरकार करते. खाजगी कंपनीच्या निर्णयावरील अपील शासनाने नेमलेल्या समितीपुढे न्यावे, हे ज्यांना सुरक्षित वाटते त्यांनी दुसऱ्या एका मार्गाकडेही पाहावे. शासनाच्या स्वतःच्या आदेशाने मजकूर रोखला जातो तो माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९अ अन्वये. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात हे कलम वैध ठरविले, तेव्हा कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि म्हणून त्यांना रिट याचिकेत आव्हान देता येते, या गोष्टीला त्याने महत्त्व दिले होते. परंतु २००९ च्या नियमांतील सोळावा नियम या सर्व कार्यवाहीला गोपनीयतेचे कवच देतो. कारणे लिहिली जातात आणि फाइलीत राहतात. हुंडापद्धतीची टर उडविणारे एक उपरोधिक संकेतस्थळ, ते हुंड्याला उत्तेजन देते असे समजून, २०१८ मध्ये रोखले गेले. उपरोध वाच्यार्थाने वाचला गेला, हे त्याच्या कर्त्याला सहज ओळखता आले असेल. त्या वाचनाची अधिकृत प्रत त्याच्या हाती द्यावी आणि त्याचे म्हणणे ऐकावे, असा आदेश मिळण्यासाठी मात्र त्याला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, आणि तो आदेश मे २०२२ मध्ये मिळाला.